अब्जाधीशांची खानेसुमारी

दरवर्षीं गुढीपाडव्यास आपल्या घरोघरीं नवें पंचांग उघडून संवत्सराचें फळ वाचण्यांत येतें. राजा कोण, मंत्री कोण, मेघाधिपति कोण, धान्य महाग कीं स्वस्त, हें घरांतील वडील मंडळी वाचतात आणि लहान मंडळी कडुनिंबाच्या पानाकडे पाहून तोंड वांकडें करीत ऐकतात. योगायोग असा कीं, अलीकडे बहुधा याच सुमारास अमेरिकेंतील ‘फोर्ब्स’ नांवाचें नियतकालिक जगांतील अब्जाधीशांची यादी प्रसिद्ध करतें, आणि दुसऱ्याच दिवशीं आपल्याकडील वृत्तपत्रें तिचें सार ठळक अक्षरांत छापतात. पंचांगांतील फळाबद्दल सुशिक्षित घरांत आतां थोडें हंसूं येतें. या यादीबद्दल मात्र कोणी हंसत नाहीं. मुलें तींतील नांवें क्रिकेटपटूंच्या नांवांप्रमाणें पाठ म्हणून दाखवितात. २०२५ सालची यादी १ एप्रिल रोजीं, म्हणजे पाडव्यानंतर दोनच दिवसांनीं, बाहेर पडली. तिचा आणि तिच्या मागील अडतीस वर्षांच्या इतिहासाचा आम्ही येथें थोडा सावकाश विचार करणार आहों; कारण नुसतीं नांवें वाचून जें ध्यानांत येत नाहीं तें आंकडे शेजारीं शेजारीं मांडले असतां येतें.

प्रथम ‘अब्ज’ या शब्दाविषयीं. भास्कराचार्यांनीं लीलावतींत एकापासून परार्धापर्यंत दहा-दहापटीनें चढत जाणारीं अठरा स्थानें सांगितलीं आहेत. त्यांत कोटीच्या पुढें अर्बुद, अर्बुदाच्या पुढें अब्ज. म्हणजे अब्ज हें शंभर कोटींचें नांव होय. आम्ही शाळेंत हीं स्थानें घोकून घेत असूं तेव्हां एखादा व्यवहारी विद्यार्थी हटकून विचारी कीं, गुरुजी, अब्जाच्या पुढल्या नांवांचा उपयोग काय? ग्रहताऱ्यांच्या अंतरांकडे बोट दाखवून आम्ही वेळ मारून नेत असूं. आज तें कारण उरलेलें नाहीं. २०२५ च्या यादींतील सर्व मंडळींची एकत्रित संपत्ति १६,१०० अब्ज डॉलर भरली. लीलावतीच्या भाषेंत ती एक शंकु, सहा महापद्म व एक निखर्व इतकी होते. आणि डॉलराचे त्या वेळच्या भावानें पंचाऐशींच्या आसपास रुपये केले तर ‘अंत्य’ नांवाच्या स्थानाच्याहि पलीकडे जाते. बिचाऱ्या ‘अंत्या’ची अशी फजिती होईल असें आचार्यांस वाटलें नसेल.

ही यादी पहिल्यानें निघाली ती १९८७ च्या ऑक्टोबर महिन्यांत. त्या वेळीं साऱ्या जगांत १४० अब्जाधीश सांपडले व त्यांची मालमत्ता २९५ अब्ज डॉलर ठरली. त्याच वर्षीं जगाची लोकसंख्या ५ अब्जांवर पोंचली. ११ जुलै हा दिवस लोकसंख्या दिन म्हणून पाळतात तो त्याच प्रसंगावरून. म्हणजे सुमारें साडेतीन कोटि माणसांमागें एक अब्जाधीश असें तेव्हांचें प्रमाण होतें. २०२५ सालीं यादींतील नांवें ३,०२८ झालीं आणि माणसें ८ अब्जांच्या थोडीं पलीकडे गेलेलीं होतीं. तेव्हां प्रमाण सुमारें सत्तावीस लक्षांस एक असें आलें. अडतीस वर्षांत माणसें दीडपटीहून थोडीं अधिक झालीं, अब्जाधीश साडेएकवीसपट झाले. इतक्या वेगानें वाढलेली मनुष्यांची दुसरी कोणतीहि जमात आमच्या ऐकिवांत नाहीं.

परंतु हिशेबी मनुष्यास एवढ्यावर थांबतां येत नाहीं. मोजावयाचा गजच जर दरसाल बोटभर आंखूड होत असेल तर कापड लांब झालें असें म्हणण्यांत अर्थ नाहीं. अमेरिकेंतील महागाई पाहतां १९८७ मध्यें एका डॉलरास जें मिळे त्यास २०२५ मध्यें सुमारें २.८ डॉलर पडूं लागले. तेव्हां आजच्या यादींत तळाशीं असलेले पुष्कळ लोक १९८७ च्या मापानें अब्जाधीश ठरलेच नसते. सरासरी काढून पाहिली तर आणखीहि एक गंमत दिसते. पहिल्या यादींत माणशीं सरासरी २.१ अब्ज डॉलर पडत होते. २०२५ मध्यें ५.३ अब्ज पडले. पण हे ५.३ अब्ज जुन्या डॉलरांत मोजले तर १.९ अब्जच भरतात. म्हणजे सरासरीचा अब्जाधीश होता तेवढाच आहे, किंबहुना किंचित् उतरलेलाच आहे!

मग बिघडलें कोठें, असें कोणी विचारील. सरासरी हें साधन मोठें फसवें आहे. पहिल्या यादींत सर्वांत वर जपानचे योशिआकी त्सुत्सुमी हे रेल्वे व जमिनींचे मालक २० अब्ज डॉलरांनिशीं होते. २०२५ मध्यें त्याच जागीं इलॉन मस्क हे ३४२ अब्ज डॉलरांनिशीं होते. महागाई वजा घातली तरी शिखर सहापट उंच झालें. शंभर अब्जांवर मालमत्ता असलेला पहिला मनुष्य या जागतिक यादींत २०१८ सालीं आला, ते जेफ बेझोस, ११२ अब्ज डॉलर. सातच वर्षांनीं अशीं माणसें पंधरा झालीं. या पंधरा जणांजवळ मिळून २,४०० अब्ज डॉलर होते, आणि यादीच्या तळच्या पंधराशें जणांची सारी बेरीज त्याहून कमी भरत होती. अब्जाधीशांतहि राव आणि रंक असा भेद पडला आहे. फक्त तेथील रंक आठ-साडेआठ हजार कोटि रुपयांचा धनी असतो एवढेंच. दुसरें असें कीं, १९८७ मध्यें या मंडळींची एकूण संपत्ति जगाच्या एका वर्षाच्या उत्पन्नाच्या दोन टक्क्यांहूनहि कमी होती, ती २०२५ मध्यें सुमारें चौदा टक्के झाली. सांठविलेली संपत्ति आणि वर्षाचें उत्पन्न या दोन निराळ्या वस्तु आहेत हें आम्ही जाणून आहों. पण विहीर आणि तिचा झरा या दोहोंची तुलना शेतकरी करतोच.

आतां ही संपत्ति आहे तरी कशी? आपल्या वाडवडिलांच्या डोळ्यांपुढें गडगंज श्रीमंत मनुष्य म्हटला म्हणजे जामदारखाना, मोहरा, जवाहीर आणि जमिनी उभ्या राहत. मराठवाड्यांतील घरांत ज्यांच्या अमलाच्या आठवणी अद्यापि निघतात ते हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान यांचें चित्र २२ फेब्रुवारी १९३७ च्या ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर जगांतील सर्वांत श्रीमंत मनुष्य म्हणून छापलें गेलें होतें. त्यांच्या संग्रहीं ‘जेकब’ नांवाचा सुमारें १८५ कॅरटांचा हिरा होता आणि तो ते मेजावरील कागद दाबून ठेवण्यास वापरीत अशी प्रसिद्धि आहे. ती संपत्ति डोळ्यांस दिसे, हातांस लागे. पण ती पेटींत पडून राही, वाढत नसे. पुढें तें जवाहीर १९९५ सालीं भारत सरकारनें विकत घेतलें. आणि १९४८ च्या सप्टेंबरांत हैदराबादच्या पाडावाच्या सुमारास लंडनच्या एका पेढींत पाठविलेले दहा लक्ष पौंड वादांत सांपडून एकाहत्तर वर्षें तेथेंच राहिले. २०१९ सालीं तेथील न्यायालयानें भारत सरकार व निजामांचे वंशज यांच्या बाजूनें निकाल दिला तेव्हां त्यांचे साडेतीन कोटि पौंड झाले होते. जवाहिराची पेटी राहिली ती राहिली, पेढींतले पौंड मात्र वाढले, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आजच्या अब्जाधीशाजवळ बहुधा पेटीहि नाहीं आणि पेढींत रोकडहि फारशी नाहीं. त्याच्याजवळ स्वतःच्या कंपनीचे शेअर असतात. बाजारांत एका शेअराचा आज जो भाव असेल त्यानें आपल्याजवळील शेअरांची संख्या गुणली कीं संपत्ति तयार. यामुळेंच यादींतील आंकडे भरती-ओहोटीप्रमाणें हलतात. २००८ च्या यादींत १,१२५ नांवें होतीं. त्या वर्षाच्या आर्थिक कोसळण्यानंतर २००९ मध्यें तीं ७९३ उरलीं व संपत्ति ४,४०० अब्जांवरून २,४०० अब्जांवर आली. एकट्या रशियांतील अब्जाधीश ८७ चे ३२ झाले. त्या २००८ च्या यादींत पहिल्या आठांत चार भारतीय होते व श्री. अनिल अंबानी हे ४२ अब्ज डॉलरांनिशीं सहाव्या स्थानीं होते. एका वर्षांत त्यांचे सुमारें ३२ अब्ज गेले, आणि २०२० च्या फेब्रुवारींत लंडनच्या न्यायालयांत त्यांच्या वतीनें त्यांची निव्वळ मालमत्ता शून्य असल्याचें सांगण्यांत आलें. चोर आले नाहींत, आग लागली नाहीं. भाव उतरले आणि कर्ज उरलें. उलट २०२० सालीं साथीच्या प्रारंभीं यादींत २,०९५ नांवें होतीं. पुढील बारा महिने जगांतील शाळा बंद, दुकानें बंद, कित्येक घरांत हातावरचें पोट उपाशी, आणि २०२१ ची यादी निघाली ती २,७५५ नांवांची. संपत्ति ८,००० अब्जांवरून १३,१०० अब्ज. सरकारांनीं मंदी येऊं नये म्हणून बाजारांत पैसा ओतला व व्याजाचे दर खालीं आणले, तो पैसा शेअरांच्या भावांत चढून बसला.

येथें एक गोष्ट अध्यापक बंधूंकरितां मुद्दाम नोंदवितों. १९९१ व १९९२ या दोन वर्षीं या यादीच्या शिरोभागीं असलेले तैकिचिरो मोरी हे टोकियोचे गृहस्थ पूर्वाश्रमीं महाविद्यालयांत व्यापारशास्त्र शिकवीत असत. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं अध्यापन सोडून ते इमारतींच्या धंद्यांत पडले. वडिलांची जागा-जमीन हातीं होती हें सांगावयास नको. निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या आमच्यासारख्यांनीं या उदाहरणावरून उगीच आशा बाळगूं नये.

देशवार वांटणी थोडक्यांत सांगतों. २०२५ मध्यें अमेरिकेंत ९०२, हाँगकाँग धरून चीनमध्यें ५१६ व भारतांत २०५ अब्जाधीश होते. म्हणजे अर्ध्याहून अधिक मंडळी या तीन देशांतच. स्त्रिया ४०६, म्हणजे शेंकडा तेरा-चौदा. आपल्या २०५ जणांची मिळून संपत्ति ९४१ अब्ज डॉलर होती. यांतील सर्वच कांहीं एका प्रकारचे नाहींत. पुण्याच्या हडपसरकडील सीरम इन्स्टिट्यूटचे सायरस पूनावाला यांच्या घराण्याचा मूळ व्यवसाय घोड्यांची पैदास. शर्यतींतून निवृत्त झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेस लशींसाठीं जात, त्यावरून आपणच लस कां करूं नये असा विचार येऊन १९६६ सालीं कारखाना निघाला. जगांतील कोट्यवधि बालकांच्या दंडावर ज्या लशी टोंचल्या गेल्या त्यांतून ही संपत्ति झाली आहे, आणि तिच्याविषयीं मत्सर वाटण्याचें आम्हांस कांहींच कारण दिसत नाहीं. उलट, रतन टाटा यांचें नांव फोर्ब्सच्या या यादींत कधीं दिसलें नाहीं, याचें कारण पुष्कळांस ठाऊक नसतें. टाटा सन्स या मुख्य कंपनीचे सुमारें ६६ टक्के शेअर मागील पिढ्यांनीं धर्मादाय ट्रस्टांस देऊन टाकलेले आहेत. घराणें तेंच, उद्योग तेच, पण मालक म्हणून यादींत घालावयास मनुष्यच सांपडत नाहीं.

या उदाहरणानें आम्ही मूळ प्रश्नापाशीं आलों. अब्जाधीश वाढले हें खरें. पण त्यांच्या पाठीमागें ही संपत्ति कोठें जाते? फोर्ब्सच्या म्हणण्याप्रमाणें २०२५ च्या यादींतील शेंकडा ६७ लोक स्वकष्टार्जित श्रीमंत आहेत. पण पैसा मिळविणारी ही पिढी आतां म्हातारी झाली आहे. स्वित्झर्लंडमधील यूबीएस या पेढीनें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत असें आढळलें कीं, त्या वर्षीं नव्यानें अब्जाधीश झालेल्यांपैकीं ८४ जणांनीं उद्योगावर १४०.७ अब्ज डॉलर मिळविले, तर ५३ वारसांस आयते १५०.८ अब्ज मिळाले. वारसांनीं कर्त्यांस मागें टाकल्याची ती अहवाल सुरू झाल्यापासूनची पहिलीच वेळ. पुढील वीस-तीस वर्षांत हजारांहून अधिक अब्जाधीश आपल्या मुलांबाळांस सुमारें ५,२०० अब्ज डॉलर देऊन जातील असाहि त्याच पेढीचा अंदाज आहे. २०२४ च्या फोर्ब्स यादींत तीस वर्षांखालील जेवढे अब्जाधीश होते ते सर्वच्या सर्व वारसाहक्कानें झालेले होते. त्यांत सर्वांत लहान ब्राझीलमधील एकोणीस वर्षांची विद्यार्थिनी. आजोबांनीं स्थापिलेल्या विद्युत्-यंत्रांच्या कारखान्याचे शेअर तिच्या नांवावर आहेत. परीक्षेंत पास होण्यापूर्वींच अब्जाधीश!

वारसा आणि वांटणी हे विषय आपल्या घरांस नवे नाहींत. याज्ञवल्क्यस्मृतीवर विज्ञानेश्वरानें कल्याणच्या चालुक्य राजाच्या आश्रयानें मिताक्षरा लिहिली आणि पुढें सातआठशें वर्षें आपल्याकडील एकत्र कुटुंबांचा व्यवहार तिच्यावर चालला. वडिलोपार्जित मालमत्तेंत पुत्राचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो हा तिचा सिद्धांत. बंगाल्यांत जीमूतवाहनाचा दायभाग चाले, त्यांत बाप हयात असेपर्यंत मुलास असा हक्क नाहीं. आपल्या पद्धतीनें कितीहि मोठी इस्टेट असली तरी दोन-तीन पिढ्यांत तिचे तुकडे पडत. कोंकणांत एका फणसाला सात वांटेकरी आणि एका आडाला चौदा दोर हें दृश्य आमच्या पिढीनें डोळ्यांनीं पाहिलें आहे. त्यांत भाऊबंदकी होई, खटले होत, वकिलांचीं घरें भरत, हें खरें. १९९४ पासून महाराष्ट्रांत व २००५ पासून देशभर मुलींसहि जन्मतः वांटा मिळूं लागला, हें तर न्याय्यच झालें. पण या वांटण्यांचा एक परिणाम असा होई कीं, आज्याची गडगंज संपत्ति नातवाच्या हातीं जेमतेम खाऊन-पिऊन सुखी इतपत उरे आणि त्यास पुन्हां हातपाय हलवावे लागत.

शेअरांच्या संपत्तीस हा नियम लागू पडत नाहीं. अमेरिकेंतील वॉलमार्ट या दुकानांच्या कंपनीचे संस्थापक सॅम वॉल्टन १९९२ मध्यें वारले. त्यांनीं १९५३ सालींच, दुकान लहान असतांना व मुलें त्याहून लहान असतांना, कुटुंबाची एक भागीदारी करून मुलांस तींत वांटे देऊन ठेवले होते. विचार असा कीं, वस्तु स्वस्त असतांनाच दिली म्हणजे पुढें वारसाकर पडत नाहीं, आणि वांटे कागदोपत्रीं निराळे असले तरी कंपनीवरील ताबा एकत्र राहतो. आज काय दिसतें? २०२५ च्या यादींतील त्या शंभर अब्जांवरील पंधरा जणांत या एकट्या सॅम वॉल्टनचीं तीन मुलें आहेत. वांटणीनें तुकडे पडले खरे. पण तुकडा मूळ भाकरीहून कितीतरी मोठा झाला. आपल्याकडे धीरूभाई अंबानी २००२ सालीं मृत्युपत्र न करतां वारले, दोघां बंधूंत बेबनाव झाला आणि २००५ च्या जूनमध्यें मातोश्री कोकिलाबेन यांनीं मध्यें पडून वांटणी करून दिली, ही कथा सर्वश्रुत आहे. मातोश्रींनीं दोन्ही मुलांच्या पानांत सारखें वाढण्याचा यत्न केला असेल. पंधरा वर्षांत एक कोठें गेला व दुसरा कोठें, तें वर आलेंच आहे. अशा वांटण्या टळाव्या म्हणून मोठीं घराणीं आतां खाजगी ट्रस्ट करतात. मालमत्ता ट्रस्टाची, उपभोग कुटुंबाचा आणि कारभार एका हातीं, अशी ती योजना असते. विज्ञानेश्वर जें विभागीत असे तें ट्रस्ट अविभक्त ठेवतो. मात्र एका चुलीवर जेवण्याची अट त्यांत नसते.

कर हा दुसरा विळा. तोहि येथें बोथट पडतो. शेअराचा भाव कितीहि चढला तरी तो विकला जाईपर्यंत त्या वाढीवर कर नाहीं. म्हणून जाणता अब्जाधीश शेअर विकत नाहीं. ते तारण ठेवून पेढीकडून कर्ज काढतो आणि त्यावर आपला संसार चालवितो. कर्ज हें उत्पन्न नव्हे, त्यास कर कसला? अमेरिकेंत तर मालक मरण पावला म्हणजे त्याच्या हयातींत झालेली भाववाढ उत्पन्नकराच्या दृष्टीनें पुसली जाते व वारसाचा हिशेब नव्या भावापासून सुरू होतो.

आपल्या देशांत १९५३ सालीं इस्टेट ड्यूटी, म्हणजे मरणोत्तर मालमत्तेवरील कर, बसविण्यांत आली होती; तिचा कमाल दर शेंकडा ८५ पर्यंत चढला होता. असला दर कागदावरच राहतो. लोकांनीं मालमत्ता लपविली, वाटा काढल्या, सरकारच्या पदरीं उत्पन्न थोडें व खटले फार पडले, आणि १९८५ मध्यें ती रद्द झाली. संपत्तिकर १९५७ पासून होता. तो २०१५ च्या अंदाजपत्रकांत रद्द झाला, कारण २०१३-१४ मध्यें साऱ्या देशांतून त्याचें उत्पन्न अवघें १,००८ कोटि रुपये आलें होतें. हा आंकडा ऐकून पुष्कळ शहाणे लोक मान डोलावून म्हणतात कीं, पाहा, श्रीमंतांवर कर बसवून कांहीं मिळत नाहीं. पण ते एक सांगावयाचें विसरतात. १९९२ च्या अर्थविधेयकानें शेअर या करांतून वगळलेले होते! दुसरें घर, मोटार, दागिने यांवर तो कर होता. म्हणजे निजामाच्या पेटीवर कर होता. आजचा अब्जाधीश ज्यामुळें अब्जाधीश होतो त्यावर तेवीस वर्षें नव्हताच. घरांतल्या बाईच्या पाटल्या मोजल्या आणि कारखाना मोजावयाचा राहिला.

या संबंधांत सध्यां जगांत जी सूचना चर्चेंत आहे ती फ्रान्सचे अर्थशास्त्रज्ञ गाब्रिएल झुकमान यांची. २०२४ सालीं वीस राष्ट्रांच्या गटाचें अध्यक्षपद ब्राझीलकडे होतें. त्या सरकारच्या सांगण्यावरून त्यांनीं असा अहवाल दिला कीं, जगांतील या तीन हजार मंडळींनीं सर्व कर मिळून निदान आपल्या संपत्तीच्या दोन टक्के तरी दरसाल द्यावें. त्यांतून वर्षास २०० ते २५० अब्ज डॉलर उभे राहतील. भारतापुरता हिशेब आम्हीं करून पाहिला: ९४१ अब्जांचे दोन टक्के म्हणजे सुमारें १ लक्ष ६० हजार कोटि रुपये. ते आज देत असलेला कर यांतून वजा जाईल हें उघड आहे. तरी त्या १,००८ कोटींशीं ताडून पाहण्यास हरकत नाहीं. पिकेटी प्रभृति चार अर्थशास्त्रज्ञांनीं मार्च २०२४ मध्यें भारताविषयीं जो निबंध प्रसिद्ध केला त्यांत २०२२-२३ मध्यें देशांतील ४०.१ टक्के संपत्ति वरच्या शेंकडा एक लोकांपाशीं असल्याचा निष्कर्ष आहे.

या सूचनेवर दोन आक्षेप नेहमीं येतात. पहिला असा कीं, संपत्तीचें मोल ठरविणार कोण? आम्हांस हा आक्षेप फारसा पटत नाहीं. एक नियतकालिक दरसाल तीन हजार माणसांचें मोल अदमासानें कां होईना ठरवितें, तेव्हां ज्याच्या हातीं कायदा आहे त्या सरकारास तें अगदींच अशक्य कां व्हावें? दुसरा आक्षेप, श्रीमंत लोक देश सोडून जातील, हा मात्र खरा आहे. नॉर्वेनें २०२२ मध्यें संपत्तिकर वाढविला तेव्हां तेथील कित्येक धनिक स्वित्झर्लंडांत जाऊन राहिले. म्हणूनच सर्व राष्ट्रांनीं मिळून करावें असें झुकमान म्हणतात, आणि सर्व राष्ट्रें मिळून काय करतात तें आपण पाहतोंच. २०२४ च्या नोव्हेंबरांत रिओ येथें वीस राष्ट्रांनीं अतिश्रीमंतांवर परिणामकारक कर बसावा या दृष्टीनें सहकार्य करण्याचें ठरविलें; दर कांहीं ठरला नाहीं. फ्रान्सच्या लोकसभेनें २०२५ च्या फेब्रुवारींत असा कर मंजूर केला, जूनमध्यें तेथील वरिष्ठ सभागृहानें तो फेटाळला.

राहतां राहिलें दान. बिल गेट्स व वॉरन बफे यांनीं २०१० सालीं निम्मी तरी संपत्ति देऊन टाकण्याची प्रतिज्ञा काढली व २०१३ मध्यें तिच्यावर सही करणारे पहिले भारतीय अझीम प्रेमजी हे होत. पण प्रतिज्ञा करणाऱ्यांपैकीं कित्येकांची संपत्ति देण्याच्या वेगाहून वाढण्याच्या वेगानें पुढें गेली आहे. हातचें राखून न ठेवणारा एकच मनुष्य आमच्या पाहण्यांत आला, तो चक फीनी. विमानतळांवरील करमुक्त दुकानांच्या धंद्यांत पैसा मिळवून यानें १९८४ सालींच आपला वांटा गुपचूप एका धर्मादाय संस्थेस लिहून दिला. फोर्ब्सनें त्यांस पुढें कित्येक वर्षें श्रीमंतांत गणलें. १९९७ मध्यें खरी गोष्ट उघडकीस आली तेव्हां नांव गळलें. सुमारें ८ अब्ज डॉलर वांटून संपल्यावर २०२० सालीं ती संस्था बंद झाली, आणि २०२३ मध्यें वारण्यापूर्वीं हे गृहस्थ सॅन फ्रान्सिस्कोंत भाड्याच्या घरांत राहत असत. अशा माणसांच्या भरंवशावर राष्ट्राचा अर्थसंकल्प मांडतां येत नाहीं, इतकेंच.

भारतांत १९८५ पासून वारशावर कर नाहीं, २०१५ पासून संपत्तीवर नाहीं, आणि ज्या २०५ घरांची वर गणना केली त्यांपैकीं अनेकांत पुढील पंधरा-वीस वर्षांत कर्ता पुरुष बदलावयाचा आहे. इस्टेट ड्यूटी ८५ टक्क्यांची नसून पांच-दहा टक्क्यांची आणि लहान-मध्यम घरांस मुळींच न शिवणारी असती तर ती टिकली असती काय, हा प्रश्न आमच्या मतें पुन्हां एकदां विचारण्यासारखा आहे. खाजगी ट्रस्टांचा कायदा आणि मिताक्षरा यांचा एकमेकांशीं मेळ कसा बसतो यावर सोप्या मराठींत लिहिलेलें पुस्तक आमच्या पाहण्यांत नाहीं. वाचकांत पुष्कळ वकील मंडळी आहेत; त्यांपैकीं कोणी या मासिकांतच तो विषय हातीं घेतल्यास आम्ही आनंदानें वाचूं.